एन्नीओ मोरिकोने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कुणी आलं आणि मी मोरिकोने लावलेले असले की हेच प्रश्न येतात, तेव्हा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब झालीयेत, पण तिथे थोडक्यात सांगणं मला जमत नाही.

हे नक्की कोण? आणि नाव कसं म्हणायचं?

इटालियन लोक 'र' वर जरा जोर देऊन मोर्रिकोने म्हणतात, आपण मोरिकोने म्हटलं तरी चालतं, फक्त शेवटी 'ने' आहे, 'न' नाही. जन्म १० नोव्हेंबर १९२८, रोम. मृत्यू ६ जुलै २०२०, तोही रोममध्येच. मधल्या काळात सिनेमा आणि टीव्ही मिळून चारशेहून जास्त कामांना संगीत दिलं, आणि त्याशिवाय मैफिलीसाठी शंभरावर रचना लिहिल्या, ज्यांचा सिनेमाशी काही संबंध नाही. नाव माहीत नसलं तरी त्यांची एक धून तुम्ही हजार वेळा ऐकलेली असते. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की पोरं तोंडाने जो आवाज काढतात ना, कोल्हा ओरडल्यासारखा, तो 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६ च्या सिनेमातला, यांचाच.

संगीत कुठे शिकले? घरातच होतं का?

घरातच. वडील मारिओ ट्रम्पेटवादक, डान्स बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात वाजवून घर चालवायचे. मुलाने काय शिकायचं हे त्यांनीच ठरवलं, ट्रम्पेट. रोमच्या सांता चेचिलिया या संगीत विद्यालयात ते लहान वयातच दाखल झाले, १९४६ मध्ये ट्रम्पेटचा डिप्लोमा आणि १९५४ मध्ये कंपोझिशनचा. मधे युद्ध होतं. वडिलांना बरं नसलं की त्यांच्या जागी हा पोरगा रात्री वाजवायला जायचा, आधी जर्मन सैनिकांसमोर आणि नंतर अमेरिकन सैनिकांसमोर, आणि कित्येकदा पैशाऐवजी खायला मिळायचं. ते दिवस त्यांना फार लागले होते, पुढे मुलाखतींत त्या अपमानाबद्दल ते मोकळेपणाने बोललेत. पोटासाठी वाजवणं म्हणजे काय ते त्यांना सोळाव्या वर्षी कळलं होतं, आणि पुढचं सगळं करिअर बघताना मी हे विसरत नाही.

कंपोझिशनचे गुरू गोफ्रेदो पेत्रास्सी. इटलीतलं फार मोठं नाव, शिस्तीचा माणूस. त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

सिनेमात कसे आले?

सरळ आले नाहीत. आधी अरेंजर होते, आणि माझ्या मते त्यांच्या कामाची किल्ली इथेच आहे, पण बहुतेक लेखांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

१९५६ मध्ये मारिया त्राविया यांच्याशी लग्न झालं, घर चालवायचं होतं. १९५८ मध्ये राई या सरकारी रेडिओ-टीव्हीत नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी कळलं की नोकरीवर असलेल्या माणसाच्या रचना तिथून प्रसारित करता येणार नाहीत. त्याच दिवशी नोकरी सोडली. मग आरसीए इटालियाना या रेकॉर्ड कंपनीसाठी गाणी अरेंज करायला लागले. आपल्याकडे ज्यांना जुन्या हिंदी गाण्यांची आवड आहे त्यांना अरेंजर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिन कुठे घुसणार, बासरी कुठे थांबणार, दोन कडव्यांच्या मधे काय वाजणार, हे लिहून काढणारा तो. मुंबईत हे काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी केलं आणि त्यांची नावं कित्येक वर्षं रेकॉर्डवर आलीच नाहीत. मोरिकोनेही बराच काळ असेच मागे राहून काम करत होते.

पण तिथे त्यांनी जे केलं ते बघा. १९६० मध्ये जियान्नी मेच्चा या गायकाचं डब्यावरचं एक हलकंफुलकं गाणं आलं, तर यांनी त्यात खरोखर पत्र्याचा डबा गडगडत जातानाचा आवाज रेकॉर्ड करून घातला. एडोआर्दो व्हियानेल्लो, जिनो पाओली, अशा त्या वेळच्या मोठ्या गायकांची गाणी त्यांच्या हातून गेली. १९६६ मध्ये मीना या गायिकेसाठी 'से तेलेफोनांदो' केलं, त्याची चाल मूळ तीन सुरांवर फिरते, फ्रान्समधल्या मार्सेयच्या पोलीस गाडीच्या सायरनवरून सुचलेली, आणि इटलीत ते आजही लोकांना पाठ आहे. म्हणजे रोजच्या जगण्यातला आवाज उचलायचा आणि त्याला गाण्यात वाद्याची जागा द्यायची, ही सवय सिनेमाच्या आधीची. काउबॉय नंतर आले.

सिनेमात नाव लागलेलं पहिलं काम १९६१ चं, लुचानो साल्चे यांचा 'इल फेदेराले'.

दिग्दर्शक सर्जिओ लिओने त्यांचा वर्गमित्र होता हे खरं का?

खरं आहे. प्राथमिक शाळेत एका वर्गात होते, दोघं असलेला वर्गाचा जुना फोटोही आहे. मग पंचवीसेक वर्षं संबंध नाही. १९६३ च्या शेवटाकडे लिओने नव्या सिनेमाचं बोलायला घरी आले आणि मोरिकोनेंनी चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखलं, तू तो शाळेतला लिओने का रे. त्यातून १९६४ चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला.

त्या सिनेमावर नाव मात्र मोरिकोने नाही, डॅन साव्हिओ असं आहे. लिओनेंनीही बॉब रॉबर्टसन हे नाव लावलं होतं, कारण इटलीतल्या प्रेक्षकाला हा सिनेमा अमेरिकन वाटला पाहिजे होता.

ती शिट्टी, तो चाबूक, ती घंटा हे सगळं सुचलं कुठून?

पहिलं कारण पैसा. बजेट छोटं, हॉलिवूडच्या वेस्टर्नसारखा, म्हणजे काउबॉयपटासारखा, साठ-सत्तर जणांचा ऑर्केस्ट्रा परवडणारच नव्हता. दुसरं कारण वर सांगितलंय, अरेंजरची सवय. १९६२ मध्ये त्यांनी पीटर टेव्हिस नावाच्या अमेरिकन गायकासाठी वुडी गथ्री यांचं एक लोकगीत अरेंज केलं होतं, त्यात चाबकाचा फटकारा होता, घंटा होत्या, ऐरणीवर घण पडावा तसे ठोके होते. लिओनेंनी ते ऐकलं आणि म्हणाले हेच पाहिजे. मग गायकाचा आवाज काढला आणि त्या जागी शिट्टी आली.

शिट्टी आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची. गिटारसुद्धा तेच वाजवायचे, आणि ज्या कोरसने या सगळ्या सिनेमांत आवाज दिला तो 'कांतोरी मोदेर्नी' त्यांचाच. २०१७ मध्ये ते गेले. माझी मनापासून विनंती आहे, शिट्टीचं कौतुक कराल तेव्हा हे नाव घ्या.

आणखी एक. 'फिस्टफुल' मधल्या शेवटच्या द्वंद्वासाठी लिओनेंना हॉवर्ड हॉक्सच्या 'रिओ ब्राव्हो' मधल्या ट्रम्पेटसारखंच काहीतरी हवं होतं, मोरिकोने म्हणाले दुसऱ्याचं मी करणार नाही, आणि मग टीव्हीवरच्या एका नाटकासाठी पूर्वी केलेली अंगाईसारखी चाल काढली आणि मिकेले लाचेरेन्झा यांच्या ट्रम्पेटवर चढवली. ऐकून बघा, गोळी सुटायच्या आधी वाजणारी धून मुळात अंगाई आहे हे कळल्यावर ती वेगळीच ऐकू येते.

पुढच्या वर्षी 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' मध्ये सिसिलीतलं मोरचंग आलं, आणि खिशातलं वाजणारं घड्याळ. या घड्याळावर मी तासभर बोलू शकतो. ते सिनेमातल्या पात्राच्या हातात आहे, त्याचं किणकिणणं संपलं की गोळी सुटणार हे आपल्याला माहीत असतं, आणि मग त्या किणकिणीवर हळूहळू ऑर्केस्ट्रा चढत जातो, आणि सीनमधलं संगीत कुठे संपलं आणि बाहेरचं कुठे सुरू झालं ते कळतच नाही.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मध्ये चाल एकच आणि आवाज तीन, तीन मुख्य पात्रांसाठी. ब्लॉन्डीला बासरी, एंजल आइजला ओकारिना (फुंकून वाजवायचं छोटं मातीचं वाद्य), टुकोला माणसांचे आवाज. तो कोल्ह्याचा आवाज म्हणजे पुरुषांचे घोगरे आवाज, एकावर एक चढवलेले. ह्यूगो मॉन्टेनेग्रो यांनी या थीमची जी आवृत्ती काढली ती १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला आणि अमेरिकेत दोन नंबरला गेली. खूप जण तीच ऐकून मोरिकोने ऐकले असं समजतात. मूळ ऐका, तिच्यात धार आहे.

'एक्स्टसी ऑफ गोल्ड' मध्ये गाणारी बाई कोण? आणि ती कुठल्या भाषेत गाते?

एड्डा डेल्ओर्सो. भाषा नाही, शब्दच नाहीत. त्या आलेस्सांद्रोनींच्या कोरसमधल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या. मोरिकोनेंनी त्यांचा आवाज ओबो किंवा व्हायोलिन वापरावं तसा वापरला, चाल द्यायची आणि सांगायचं गा. कबरस्तानात टुको धावत सुटतो आणि कॅमेरा गरगर फिरतो तिथे हे वाजतं. मेटॅलिका हा बँड १९८३ पासून स्टेजवर यायच्या आधी हेच लावतो.

शूटिंगच्या आधीच म्युझिक तयार असायचं हे खरं का?

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) च्या बाबतीत हो. थीम आधी लिहून रेकॉर्ड केल्या आणि सेटवर वाजवल्या, नट त्या ऐकत चालायचे. स्टेशनमधून क्लाउडिया कार्दिनाले बाहेर येते आणि क्रेनवरचा कॅमेरा छपरावरून वर जाऊन अख्खं गाव दाखवतो, तो शॉट मी शंभरदा तरी पाहिलाय, आणि दरवेळी वाटतं की कॅमेऱ्याला एड्डाचा आवाजच उचलून वर नेतोय.

पण याच सिनेमाची सुरुवात बघा, दहाएक मिनिटं, आणि एकही सूर नाही. पवनचक्कीची करकर, टोपीवर टपटपणारं पाणी, माशी. यामागचा किस्सा मोरिकोनेंनी स्वतः सांगितलाय. फ्लॉरेन्समध्ये ते एका कार्यक्रमाला गेले होते, तिथे एका माणसाने स्टेजवर शिडी आणून नुसती ती करकरवली, बराच वेळ, आणि आधी लोकांना कळेना आणि मग शांतता पसरली. हे त्यांनी लिओनेंना सांगितलं. लिओनेंनी तो धडा असा वापरला की संगीतकाराच्या सांगण्यावरून संगीतच काढून टाकलं. आणि मग जेव्हा माउथ ऑर्गन वाजतो, फ्रांको दे जेमिनी यांनी वाजवलेला, तेव्हा अंगावर काटा येतो कारण इतका वेळ आपण उपाशी असतो.

म्हणजे वेस्टर्नवालेच ना ते?

हा प्रश्न त्यांनाही विचारायचे आणि ते चिडायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. चारशेच्या वर कामांत वेस्टर्न पस्तीसच्या आसपास. बाकीचं काय? पोन्तेकोर्वो यांच्यासोबत 'द बॅटल ऑफ अल्जीयर्स'. पाझोलिनींचा १९६६ चा 'उच्चेल्लाच्ची ए उच्चेल्लिनी', ज्याची श्रेयनामावली चक्क दोमेनिको मोदुन्यो गाऊन दाखवतात. एलिओ पेत्री यांचा १९७० चा पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या खुनावरचा सिनेमा, त्याची ती लंगडत चालल्यासारखी मॅन्डोलिनची धून. दारिओ आर्जेंतोच्या पहिल्या सिनेमात गुणगुणण्यासारखं आणि घाबरवणारं एकाच वेळी. 'साक्को ए व्हान्झेत्ती' (१९७१) मध्ये जोन बाएझ. बेर्तोलुच्चींचा '१९००'. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग'. १९७८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची अधिकृत धूनसुद्धा यांची. साठचं दशक संपता संपता तर वर्षाला पंधरा-वीस सिनेमे चालू होते.

आणि 'द मिशन' (१९८६). हा मला सगळ्यात जवळचा. त्यांना सिनेमा संगीताशिवाय दाखवला तेव्हा ते रडले आणि म्हणाले याला संगीत लावून मी तो बिघडवेन, नको. मग तयार झाले. अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेच्या जंगलात एक जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा, पाद्री ओबो वाजवत जातो. ओबो म्हणजे आपल्या सनईच्याच जातीचं, दोन पात्यांच्या जिभेचं वाद्य. पडद्यावर ते वाजतंय म्हणून ते घ्यावंच लागलं, त्या काळातली हरकतींची पद्धतही पाळावी लागली, चर्चचं समूहगान हवं, आणि तिथल्या ग्वारानी लोकांचा ठेका हवा. यांनी तिन्ही स्वतंत्रपणे लिहिलं आणि मग एका ठिकाणी तिन्ही एकदम वाजवलं, एकावर एक, आणि कुणीच कुणाला दाबत नाही. हेडफोन लावून एकदा फक्त ओबो धरा, मग पुन्हा लावून फक्त कोरस, मग फक्त ढोल. तीन वेळा ऐका, तीन वेगळ्या रचना आहेत.

'गंभीर' संगीत सोडून सिनेमात गेल्याचं त्यांना वाईट वाटायचं का?

बराच काळ, हो. पेत्रास्सींसारख्या गुरूंच्या वर्तुळात सिनेमाचं संगीत म्हणजे कमअस्सल काम. पेत्रास्सींनी स्वतः 'रिझो अमारो' या १९४९ च्या सिनेमाला संगीत दिलं होतं हे खरं, पण दृष्टी तीच. मोरिकोने या अपराधी भावनेबद्दल उघड बोललेत. म्हणूनच ते दोन्हीकडे राहिले. १९५८ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटला जाऊन आले, जिथे युरोपातलं नवं संगीत घडत होतं, आणि मग रोममधल्या 'नुओव्हा कोन्सोनान्झा' या गटात बसून वर्षानुवर्षं ट्रम्पेट वाजवलं, तिथे चाल ठेका काही नाही, ट्रम्पेटमधून फुंकर, घरघर, किंकाळी, जे निघेल ते.

लोक म्हणतात त्यांच्यात दोन माणसं होती. मला कधीच तसं ऐकू आलं नाही. डबा गडगडवणारा, शिडीची करकर ऐकून थक्क होणारा आणि कोल्ह्याचा आवाज माणसांकडून काढून घेणारा हा सगळा एकच कान आहे.

२०१५ मध्ये रोमच्या जेझू चर्चमध्ये त्यांनी पोप फ्रान्सिस यांच्यासाठी लिहिलेली मास (चर्चच्या प्रार्थनाविधीसाठीची संगीतरचना) पहिल्यांदा सादर झाली, जेझुइट संघ पुन्हा सुरू झाल्याला दोनशे वर्षं झाली म्हणून. 'द मिशन' आठवून ऐकली तर फार लागते.

ऑस्कर इतक्या उशिरा का?

सहा नामांकनं. 'डेज ऑफ हेवन', 'द मिशन', 'द अनटचेबल्स', 'बग्सी', 'मलेना', आणि शेवटी 'द हेटफुल एट'. 'द मिशन' च्या वर्षी पुरस्कार 'राउंड मिडनाइट' ला गेला, ज्यात बरंच संगीत आधीच अस्तित्वात असलेलं होतं, आणि हा अन्याय झाला असं मोरिकोने पुढे स्पष्ट म्हणाले. मलाही तसंच वाटतं. त्याआधी 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' (१९८४) तर अमेरिकेत २२९ मिनिटांवरून १३९ मिनिटांवर कापला गेला, त्या प्रतीत संगीतकाराचं नावही गळलं आणि ते शर्यतीत आलेच नाहीत. त्यातली डेबोराची थीम, आणि घेओर्घे झाम्फिर यांची पॅन फ्लूट, आणि नामांकनसुद्धा नाही.

२००७ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, क्लिंट ईस्टवूडच्या हातून, आणि ते इटालियनमध्ये बोलले तेव्हा ईस्टवूडनेच भाषांतर केलं. मग २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, 'द हेटफुल एट' साठी स्पर्धेतलं पहिलं. त्याचं रेकॉर्डिंग प्रागमध्ये झालं, आणि त्यात 'द थिंग' साठी लिहून न वापरलेले काही तुकडेही आहेत.

हॉलिवूडला राहायला का नाही गेले?

तिकडून घर द्यायची तयारी होती, ते नाही म्हणाले. रोम सोडायचं नव्हतं, इंग्रजी शिकले नाहीत, दिग्दर्शकांना रोमला यावं लागायचं. रोमच्या पिआझा एउक्लिदेमधल्या चर्चच्या तळघरात जो स्टुडिओ आहे, तिथे त्यांची कित्येक रेकॉर्डिंग झाली.

स्वतः सगळं लिहायचे का, की मदतनीस होते?

स्वतः. प्रत्येक वाद्याची ओळ स्वतःच्या हाताने. हॉलिवूडमध्ये पुष्कळदा संगीतकार आराखडा देतो आणि ऑर्केस्ट्रेटर भरतो, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. पियानोवर बसून शोधत बसायचे नाहीत, पहाटे उठायचे, थोडा व्यायाम, पेपर, आणि मग टेबलावर कागद-पेन्सिल. त्यांच्या मते सूर आधी डोक्यात वाजला पाहिजे. बुद्धिबळाचं वेड होतं, जगज्जेत्या बोरिस स्पास्कीशी एकदा बरोबरी केली होती.

'शोले' चं म्युझिक त्यांचं आहे का?

नाही, आर. डी. बर्मन यांचं. जयच्या माउथ ऑर्गनची धून भानू गुप्ता यांनी वाजवली. पण नातं आहेच, ठाकूरच्या घरच्यांचं हत्याकांड 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' वरून घेतलंय हे उघड आहे, आणि झोपाळ्याची करकर ऐका, त्या पवनचक्कीची आठवण येते की नाही सांगा. पंचमनीही बाटल्या आणि कंगवे वाजवलेच होते. त्यामुळे चोरी बिरी म्हणून विषय संपवू नका.

कुब्रिकचा काय किस्सा आहे?

'अ क्लॉकवर्क ऑरेंज' साठी विचारणा आली होती. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक लिओनेंशी बोलले, लिओने म्हणाले तो माझ्या सिनेमात अडकलाय, आणि विषय संपला. आपल्या हातून सुटलेलं हे एकच काम असं मोरिकोने म्हणायचे.

सुरुवात कुठून करू?

'सिनेमा पॅराडिसो' (१९८८) पासून. तोही त्यांनी आधी नाकारला होता, निर्मात्याने पटकथा वाच म्हणून आग्रह धरला. त्यातली प्रेमाची थीम त्यांचा मुलगा आंद्रेआ याची आहे. मग 'द मिशन', मग लिओने क्रमाने. आणि 'कि माई' ही त्यांची धून, रात्री, एकट्याने.

शेवटचे दिवस?

जून २०१९ मध्ये काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत रोममधले शेवटचे मोठे कार्यक्रम केले. पुढच्या वर्षी पडून मांडीचं हाड मोडलं, त्यातून उठले नाहीत. स्वतःची निधनवार्ता स्वतःच लिहून ठेवली होती, मित्रांची नावं घेऊन, आणि अंत्यविधी खासगी ठेवा कारण मला कुणाला त्रास द्यायचा नाही असं सांगून. सगळ्यात अवघड निरोप मारियाचा, तो शेवटी.

स्वतः ट्रम्पेटवाले, मग मधल्या काळात ट्रम्पेट कमी का झालं?

हे त्यांनी स्वतः सांगितलंय. मुलगा मोठा झाल्यावर वडील त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवायला यायचे. वय झालं तसा मारिओंचा सूर हलायला लागला. आई विचारायची, बाबांना का बोलवत नाहीस? आणि दुसऱ्या कुणाला बोलावलं तर वडिलांना काय वाटेल. म्हणून त्यांनी ट्रम्पेट लिहिणंच बंद केलं. वडील गेल्यावर पुन्हा सुरू केलं.